तिसऱ्या थेंबानंतर

चित्राखाली बाक आहे. बाकावर सहाजण मावतात.
सातवा उभा राहतो आणि मग त्याला
चित्र बघण्यावाचून काही उरत नाही.

माळ आहे, फुललेला.
खाली पिवळं, मध्ये जांभळट, वर आभाळाची अरुंद पट्टी,
कोपऱ्यात सही: रा. भि., पुढचं ओल खाल्लेलं.
अकरा वर्षं मी ते पुसते. मला ते फडक्यानं पाठ आहे:
डावीकडे रंग जाड, फडकं अडकतं,
उजवीकडे जवळजवळ कोरं. पिवळा संपला असावा
किंवा पैसे.
मागे एक पाल राहते.

मी थेंब घालते. मान वर, वर बघा, मिटा.
दर दहा मिनिटांनी, तीनदा.
पहिल्या थेंबाला लोक भिंतीवरचे दर वाचतात,
दुसऱ्याला मोबाईल लांब धरतात,
तिसऱ्याला काहीच वाचता येत नाही,
तेव्हा चित्राकडे वळतात.

मल्लेशम गज्जम, साखर पेठ, डावा डोळा:
जन्मभर चादरीच्या आलेखावर चौकोन भरले त्यांनी.
"सात रंग हैत बाई. मोर बसतो मागावर, कमळ बसतं,
हे नाही बसत. एक फूल दुसऱ्यासारखं नाही,
रिपीट कुठनं घ्यायचा सांगा की."
आणि हवेत बोटानं चौकोन पाडत राहिले
नंबर पुकारला तरी.

बँकेतले एक साहेब म्हणाले, स्वित्झर्लंड असेल.

"कुठलं काय ओ, ही तरवड की."
सगुणा कोळेकर, नान्नजच्या अलीकडची वस्ती, दोन्ही डोळे.
"ही भुईरिंगणी, ह्यो कुर्डू.
पन काढणाऱ्याचं चुकलंय. तरवड भरात आली
की कुसळ असं मऊ ऱ्हात न्हाई, लुगड्याला शिवून घेतं.
आन् वाट कुठाय? मेंढरं गेली की वाट पडती.
म्हंजे तार मारल्यानंतरचं हाय हे,
आमाला आत सोडंनात तवाचं."
मी चित्रात तार शोधली. नव्हती.

मधोमध गवतात एक उभी पांढरी रेघ आहे.
मला वाटायचं, कुंचला निसटला.
गज्जमना ती तुटका धागा वाटली होती.
सगुणाबाई उठल्या, भिंतीला नाक लागेस्तोवर गेल्या.
"मान हाय ही. माळढोकाची.
अंग गवतात, मान तेवढी दिसती.
आपुन हलायचं न्हाई, मग त्यो बी हलत न्हाई."
बाकावरचे सहाहीजण हलले नाहीत.
डॉक्टर आतून ओरडले, पुढचा पाठवा.

आता किती उरलेत, मी विचारलं.
त्यांनी पदर डोळ्याला लावला. थेंबाचं पाणी होतं.
"मोजणी सायबाची. मला दोन वर्सं दिसला न्हाई."
थांबून म्हणाल्या, "डोळ्यामुळं बी असंल."

शनिवारी दुपारनंतर दवाखाना रिकामा असतो.
गल्ला जुळला. बाटलीत थोडं उरलं होतं.
बाकावर आडवी झाले आणि स्वतःच्या डोळ्यांत घातलं.
मान वर, वर बघ, मिट.
एक. झोंबलं. दोन. तीन.
विडी घरकुलच्या बसची पाटी आता वाचता येणार नाही
हे नंतर सुचलं.

उघडले तेव्हा फुलं देठांवरून सुटली होती.
पिवळ्याचा नुसता गलका.
तरवड कोणती, कुर्डू कोणता, सगळं एकात एक.
वास मात्र स्पिरिटचाच.
पार्क चौकातले हॉर्न लांबून येत होते,
माळापलीकडे कुठेतरी डांबरी रस्ता असावा तसे.

रेघ होती.
मी हलले नाही.

आणि ती वळली. जराशी, डावीकडे.

पाल असेल. ती याच वेळेला निघते.

सोमवारी फडकं घेऊन गेले तेव्हा
तेवढ्या जागेवरून हात फिरवला नाही.
आजूबाजूचं पुसलं.